पक्क्या मताला चहा नाही

आमची वस्ती सायखेड्याच्या बाहेर, ओढ्याच्या पलीकडे. उन्हाळ्यात त्या ओढ्यात शेळ्या बसायच्या. पावसाळ्यात मात्र गोदावरी फुगली की ओढ्याच्या पाण्याला नदीत शिरायला जागा मिळायची नाही, आणि ते मागे सरकून आमच्या वाटेवर छातीएवढं चढायचं. मग वस्ती एकीकडे, गाव एकीकडे.

आप्पा, म्हणजे माझे वडील, गावातल्या अण्णांकडे सालाने होते. वर्षाची बोली करून एकाच मालकाच्या शेतात राबायचं, याला साल म्हणतात. आई लोकांच्या वावरात कांदे लावायला आणि काटायला जायची. ओढ्याला पाणी आलं की तिचा रोज बुडायचा आणि संध्याकाळी भाकरीबरोबर नुसती मीठ-मिरची असायची. मला शाळेत न्यायला आप्पा खांद्यावर घेत. माझी थोरली बहीण, आक्का, माझ्याहून हुशार. माझं पाठांतर ती चुलीपुढून ऐकून दुरुस्त करायची. पण एका माणसाच्या खांद्यावर दोन पोरं बसत नाहीत. आक्काची चौथी झाली तशी आई म्हणाली, "पोरीला पान्यातून कोन नेनार रोज?" तिथेच तिची शाळा संपली. मी आप्पांच्या खांद्यावर बसून पलीकडे जायचो आणि ती अलीकडच्या काठावर उभी राहून बघायची. तिने तोंडातून शब्द काढला नाही कधी. पण हेवा कसा दिसतो हे मी त्या काठावर पाहिलं आहे, त्यामुळे पुढे तो माझ्यात आला तेव्हा मला त्याची ओळख पटायला वेळ लागला नाही.

माझा हेवा होता मुरलीतात्यांवर. तात्यांचं घर आमच्या घराला लागून, मध्ये फक्त निवडुंगाची वई, म्हणजे कुंपण. परिस्थिती आमच्याहून थोडी बरी, पण फार नाही. फरक एवढाच की आप्पांचं मत अख्ख्या गावाला माहीत होतं आणि तात्यांचं कुणालाच माहीत नव्हतं. साल अण्णांचं, म्हणून आप्पांचं मत अण्णा सांगतील त्याला. ग्रामपंचायत असो नाहीतर लोकसभा, आप्पा सकाळी अंघोळ करून, टोपी धुऊन, अण्णांच्या ट्रॅक्टरमधून जाऊन मत देऊन येत. तात्यांच्या दारात मात्र दोन्हीकडची माणसं येत, बाजेवर बसत, चहा पीत. तात्या सगळं ऐकून घेत, तंबाखू मळत आणि शेवटी एकच शब्द बोलत.

"बघू."

त्या एका शब्दावर तात्यांच्या दारात नळ आला. विजेचा खांब आला तोही तात्यांच्या अंगणात. आई हंडा घेऊन त्यांच्या नळावर जायची तेव्हा तात्या बाजेवरून म्हणायचे, "ने बाई, ने. तुमच्या अण्णांचा नळ यायचा हाय अजून वाटतं?" आई हसून घ्यायची. मला ते हसणं आवडायचं नाही.

मी नाशिकरोडला मामांकडे राहून कॉलेज केलं. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो. आमच्या घराण्यात, आईकडच्या आणि आप्पांकडच्या, पहिला पदवीधर. हे मी कुठेही सांगतो, इथेही सांगतो. कॉलेजात शिकलो की लोकशाहीत प्रत्येक मताची किंमत सारखी असते. परीक्षेत तसं लिहून मार्कही मिळवले. पण वस्तीवर दोन घरांमध्ये एक वई आणि एक नळ होता, त्याचं काय, हा प्रश्न कुठल्या पेपरात आला नाही.

त्यामुळे मी जो धंदा धरला त्याचं कुणाला आश्चर्य वाटू नये. सिन्नर फाट्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण कित्येक वर्षं माझं खरं काम निवडणुकीचं होतं. उमेदवाराचं प्रचार कार्यालय मी चालवायचो. पक्ष कुठलाही असो. लोकांना वाटतं प्रचार म्हणजे सभा, भोंगे आणि गळ्यात रुमाल. ते सगळं वरवरचं. आतलं काम साधं असतं: घरोघर माणसं पाठवायची आणि प्रत्येक घर तीनपैकी एका रकान्यात टाकायचं. आपले पक्के. समोरचे पक्के. आणि तळ्यात-मळ्यात. पहिल्या रकान्याला फक्त मतदानादिवशी आठवण करायची. दुसऱ्याच्या नादी लागायचं नाही. साहेबांचा, म्हणजे उमेदवाराचा, वेळ, घाम, हात जोडणं, म्हाताऱ्यांच्या पाया पडणं, सगळं तिसऱ्या रकान्यासाठी. निकाल तिथेच लागतो.

कार्यालयातल्या नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगायचो, "पक्क्या घरात चहा प्यायला थांबलात तर कामावरून काढीन." पोरं हसायची. मी हसत नव्हतो. हे वाक्य मी कुठे शिकलो ते मला माहीत होतं. आमच्या दारात आयुष्यभर कुणी चहा प्यायला थांबलं नव्हतं.

या तळ्यात-मळ्यातवाल्यांच्या मागे माझी उमेदीची वर्षं गेली. त्यांच्यातही जाती आहेत. पंचवटीतले एक गुरुजी होते. यात्रेकरूंचे विधी करायचे, त्यामुळे आल्यागेल्याला आशीर्वाद देणं अंगवळणी पडलेलं. कुठलाही उमेदवार पाया पडला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून "यशस्वी व्हा" म्हणत. सकाळी एकाला, दुपारी दुसऱ्याला. मी एकदा विचारलं, "गुरुजी, दोघं कसे यशस्वी होतील?" ते म्हणाले, "मी कुठे म्हटलं याच निवडणुकीत?"

इंदिरानगरला वैद्य सर म्हणून निवृत्त प्राध्यापक राहत. ते उमेदवाराला समोर बसवून प्रश्न विचारत. पाण्याचं काय, नदीत जाणाऱ्या सांडपाण्याचं काय, फूटपाथ कुठे गेले. कॉफी देत, चिवडा देत आणि शेवटी म्हणत, "मी अजून विचार करतो आहे." आमचे साहेब त्यांच्याकडे तीनदा गेले. मी दारात चपलांपाशी उभा राहून ते बघायचो. हाच साहेब आमच्या भागातून जाताना आप्पांना गाडीतून हात दाखवून जायचा. काच खाली न करता. निवडणूक झाल्यावर मी न राहवून सरांना विचारलं, खरंच इतका विचार करता का हो? त्यांनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "भास्कर, मत माझं कित्येक वर्षं ठरलेलं आहे. पण ते सांगितलं की माणसं यायची थांबतात. हल्ली आमच्याकडे येतं कोण?" त्यानंतर मी मधूनमधून त्यांच्याकडे जायचो, निवडणूक नसताना. पण खरं सांगतो, हेवा कमी झाला नाही. एकटेपणावर सुद्धा त्यांना उपाय सापडला होता, आणि तो उपाय आमच्या आप्पांना कुणी शिकवला नव्हता.

आणि ओझरचं एक जोडपं. नवरा विमानाच्या कारखान्यात. दारात उभा राहून छाती काढून म्हणाला, "आमची दोन्ही मतं तुम्हालाच." तेवढ्यात आत स्वयंपाकघरात पातेलं जोरात आदळलं. त्याने मागे बघितलं नाही. मी दोन्ही मतं आपल्या रकान्यात टाकली आणि पुढच्या दाराला गेलो. आमची पद्धतच तशी होती. घरातल्या कर्त्या माणसाला विचारायचं आणि घरातली सगळी मतं त्याची धरायची. घरटी एकच प्रश्न. काम लवकर उरकतं.

आता मुख्य गोष्ट.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आमच्या गटातून अण्णांचे चिरंजीव भाऊसाहेब उभे राहिले. अण्णा तोवर गेले होते. या भाऊसाहेबांनी कार्यालय चालवायला मला बोलावलं. समोर निफाडकडचे एक वकीलसाहेब. लढत अगदी काठावरची. मी दुकान बायकोवर सोपवून गावात मुक्कामाला आलो. माझा पगार मी ठरवून घेतला होता, पण मनात दुसरं काहीतरी होतं. धाकटा भाऊ दत्तू आईआप्पांजवळ वस्तीवरच राहतो. त्याची अश्विनी चौथीत होती. वस्तीवर आता शाळा झाली होती, पण चौथीपर्यंतच. पाचवीला गावात जायचं, म्हणजे ओढा पार करायचा. दत्तूच्या बायकोने मला जेवताना विचारलं होतं, "भाऊजी, पावसाळ्यात कसं करायचं हिचं? इकडंच ठेवायची का?" अश्विनी समोर बसून वरण कालवत होती. कालवायची थांबली.

म्हणून मी भाऊसाहेबांना एकटं गाठलं. म्हटलं, "भाऊसाहेब, आमच्या ओढ्यावर पूल पाहिजे. निवडून आल्यावर पहिलं काम हे घ्या."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "अरे, तू घरचा. तुझ्या आप्पांनी आमच्याकडे साल काढलं. आपल्या माणसांना थांबावं लागतं रे, भास्कर. आधी बाहेरची माणसं खूश करू, मग घरचं हायेच."

हे वाक्य खोटं नव्हतं, हेच त्यातलं वाईट. माझ्या जागी दुसरा कुणी असता आणि मी भाऊसाहेबांचा सल्लागार असतो, तर मीही हेच सांगितलं असतं.

दोन दिवसांनी भाऊसाहेब वस्तीवर प्रचाराला गेले. मी बरोबर होतो. पोरांच्या हातात घरांची नावं होती. आमचं घर आलं तेव्हा पुढचा पोरगा मागे वळून म्हणाला, "हे पक्कं हाय," आणि सगळा घोळका आमच्या दारावरून सरळ मुरलीतात्यांच्या बाजेकडे गेला. आप्पा धुतलेली टोपी घालून ओट्यावर उभे होते. हात जोडायला वर आणलेले होते. ते तसेच खाली आले. पलीकडे तात्या तंबाखू मळत होते.

"बसा भाऊसाहेब. चहा ठिवलाय."

"तात्या, यंदा आपल्याला साथ पाहिजे."

"बघू. पोरांशी बोलतो."

पोरं तात्यांची दोन्ही नाशिकला. त्यातला एक कंपनीत, सातपूरला. त्यांची नावंही इथल्या यादीत नव्हती, आणि हे भाऊसाहेबांनाही माहीत होतं. तरी त्यांनी चहाचा दुसरा कप घेतला. उठताना तात्यांनी अंगणात पेव्हर ब्लॉक मागितले आणि भाऊसाहेबांनी मान डोलावली. वईच्या या बाजूला उभा राहून मी ऐकत होतो. माझ्या वयाला शोभणार नाही इतका हेवा मला वाटला. अंगण कोरडं राहावं म्हणून पेव्हर ब्लॉक, आणि आमच्या पोरीला शाळा नाही.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर आप्पांसमोर बसलो. म्हटलं, "आप्पा, ह्या बारीला आपणपण बघू म्हणायचं."

"काय बघू?"

"काहीच बघायचं नाही. नुसतं म्हणायचं. भाऊसाहेब येतील, मत मागतील. तुम्ही म्हणायचं, बघू."

"पन मत तर त्येंलाच देयाचं हाय ना?"

"द्या ना. पण सांगायचं नाही."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग लबाडी झाली की रं."

"लबाडी नाही, आप्पा. गुप्त मतदान असतं. कायद्यातच आहे."

आई आत भाकरी थापत होती. "म्हना की वो एकदा," ती म्हणाली. "बघू म्हनायला काय जीभ झडती का?"

आप्पांनी प्रयत्न केला. मी भाऊसाहेब झालो, हात जोडून उभा राहिलो, म्हटलं, "आप्पा, आशीर्वाद असू द्या." आप्पा उठले, माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, "तुमचंच हाय, मालक." दत्तू हसून हसून भिंतीला टेकला. दोनदा, तीनदा केलं. दर वेळी "बघू"पाशी येईपर्यंत त्यांचे हातच पुढे होत. चौथ्यांदा ते चिडले. "तुझी बी.ए. तुलाच लाभो. मला नाय जमत." आणि झोपायला गेले.

आता औक्षणाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे उमेदवार दारात आला की घरातली बाई ताट घेऊन येते, कुंकू लावते, ओवाळते. आमच्या धंद्यात औक्षण म्हणजे शेवटचा पुरावा. माणूस तोंडाने काहीही बोलेल, पण घरातल्या बाईने निरांजन फिरवलं की ते घर पक्कं, हा नियम. पोरांना मीच तो घालून दिला होता. समोरच्यांचेही कार्यकर्ते हाच नियम पाळत. सगळा जिल्हा पाळतो.

पुढच्या दिवशी वकीलसाहेब वस्तीवर आले. तेही तात्यांकडेच निघाले होते. आमचं घर त्यांच्या दृष्टीने समोरचं पक्कं, म्हणजे थांबायचंच नाही. आप्पा शेतावर गेलेले. घोळका दारावरून पुढे निघाला तशी आई ताट घेऊन बाहेर आली आणि वाटेतच वकीलसाहेबांसमोर उभी राहिली. कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाली, "दादा, ओढ्याव पूल टाका. आमची पोरगी शाळंत जायची हाय." वकीलसाहेब म्हणाले, नक्की. आईने मान हलवली आणि ताट घेऊन आत गेली.

ही बातमी मला दत्तूने फोनवर सांगायच्या आधी कार्यालयात पोहोचली होती. भाऊसाहेब आतल्या खोलीत ओरडत होते. "साल काढलेल्या घरात त्याचं औक्षण? भास्करच्या घरात?" मी आत गेलो तसे ते माझ्याकडे वळले.

"भास्कर, हे काय आहे?"

"आईने ओवाळलं वाटतं."

"वाटतं? अरे तुझं घर आहे ते. तुझ्या घरची मतं आपल्याला आहेत ना?"

त्या क्षणी मी सरळ "आहेत" म्हणालो असतो तर ते खरंच होतं. निदान आप्पांचं, दत्तूचं आणि त्याच्या बायकोचं. पण मला आप्पांचे खाली आलेले हात दिसले. माझ्या तोंडून आलं,

"बघू."

भाऊसाहेब माझ्याकडे नव्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं. मी खोटं बोलणार नाही, फार बरं वाटलं. तात्या आयुष्यभर हे सुख घेत आले, हे तेव्हा कळलं आणि हेवा उलट वाढला.

मी तिथून तडक वस्तीवर गेलो. आई शेळीला पाला घालत होती. म्हटलं, "आई, हे तू काय केलंस? मी सांगितलं होतं का तुला?"

"तू कशाला सांगशील? तुझं आन आप्पांचं चाललं व्हतं. मला कोन इचारतं?"

"अगं, पण त्याला ओवाळलंस म्हणजे त्याला मत देणार, असं होतं."

"कुनी सांगितलं? दारावरून मानूस चालला, ओवाळला. भाऊसाहेब आले तर त्येंलाबी ओवाळीन. ते थांबलेच नाय." पाल्याचा हात झटकत ती म्हणाली, "मत कुनाला देयाचं ते माझं मी बघीन की."

मी शेळीजवळ उभा राहिलो. इतकी वर्षं अख्ख्या जिल्ह्यात तळ्यात-मळ्यातली घरं हुडकत फिरलो. आमच्या घरात आप्पांना विचारून सगळी मतं मोजली जायची, मीही तशीच मोजत होतो. आईला कुणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. पातेलं आदळलं असतं तर निदान ऐकू तरी आलं असतं. मी म्हटलं, "मग कुणाला देणार?"

ती म्हणाली, "ते तुला कशाला सांगू? तू त्येंच्याकडं कामाला हायेस."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊसाहेब आले. या वेळी गाडी आमच्या दारासमोर थांबली. आमच्या ओट्यावर चटई टाकली गेली. आईने त्यांनाही ओवाळलं, तेच ताट, तेच कुंकू, आणि तेच वाक्य: ओढ्याव पूल टाका. मग चहा आला. आमच्या दारात उमेदवाराने चहा पिण्याची ती पहिली वेळ. कप उतरवून भाऊसाहेबांनी आप्पांचे हात धरले.

"आप्पा, साथ देणार ना?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग भाऊसाहेबांकडे. "तुमचंच हाय, मालक," ते म्हणाले.

पण भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं नाही. त्यांनी कार्यकर्त्यांकडे बघितलं. एक जण त्यांच्या कानाशी पुटपुटला, "म्हातारं लय बेरकी हाय." आप्पा जन्मात पहिल्यांदा बेरकी ठरले होते, तेही खरं बोलून. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "आवो, खरंच तुमचंच," आणि जितकं सांगत होते तितका भाऊसाहेबांचा धीर सुटत होता. शेवटी तेच म्हणाले, "आप्पा, ओढ्यावर फरशीपूल टाकून देतो. माझा शब्द."

तेवढ्यात वईपलीकडून आवाज आला. मुरलीतात्या सगळं ऐकत बसले होते. "फरशीवरून पानी जातं, भाऊसाहेब. पुराला काय उपेग? उंच पूल पायजे. कमानीचा."

भाऊसाहेब लगेच वळले. "उंचच करू, तात्या. तुमचं बरोबर हाय."

बघा. आमच्या घरातल्या सगळ्यांनी मिळून एक फरशी मिळवली होती. तात्यांनी बाजेवरून न उठता ती उंच केली. मला आनंद व्हायला हवा होता, कारण ते खरंच बरोबर बोलले होते. पण मनात आलं ते एवढंच: या माणसाला जागा सोडायची सवय नाहीच.

भाऊसाहेब थोडक्या मतांनी आले. आईने कुणाला मत दिलं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही. मी विचारणं सोडून दिलं आहे. निकालाच्या संध्याकाळी आप्पा मात्र टोपी घालून गुलालात गेले आणि भाऊसाहेबांना मिठी मारून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं का, आमचं घर तुमचंच?" भाऊसाहेबांना हायसं वाटलं. आमचं घर पुन्हा पहिल्या रकान्यात गेलं. मी आप्पांना थांबवू शकलो असतो, पण त्या माणसाला आयुष्यात एकदा कुणीतरी विश्वासाने मिठी मारत होतं. मला ते मोडवलं नाही.

पुलाचं काम दोन वर्षांनी, उन्हाळ्यात पुरं झालं. मधली दोन वर्षं मी निधी, मोजणी, मंजुरी यांच्या मागे लागलो. नाशिकला जिल्हा परिषदेच्या जिन्यावर माझ्या चपला झिजल्या, कागद कुठल्या टेबलावर अडलाय ते मी हुडकून काढायचो. राज्यशास्त्राचा उपयोग कुणाला होतो असं विचारतात, तर मला झाला. मधले दोन पावसाळे अश्विनीला दत्तूने खांद्यावरून नेली. पूर उतरायला उशीर झाला की तिचे दिवस बुडत. घरी ठेवली नाही, एवढंच.

उद्घाटनाला मांडव पडला. नारळ फोडायला वस्तीतला एक ज्येष्ठ बोलावायचा होता. मी मागे उभा होतो. मला मनातून वाटत होतं, आप्पा. गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि भाऊसाहेबांनी नाव घेतलं, "आमचे मुरलीतात्या." तात्या बाजेवरून उठावे तसे सावकाश उठले, टोपी सारखी केली आणि नारळ फोडला. टाळ्या पडल्या. फोटोत तात्या मध्यभागी आहेत. आप्पा कडेला, अर्धे. मी फोटोत नाही. परत येताना तात्या माझ्याजवळ थांबले, हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, "भास्करराव, शिकलेल्यानं एवढं जळू नये. तब्येतीला बरं नाय." मी म्हटलं, "तात्या, ग्रामपंचायतीला काय करणार?" ते हसले. उत्तर मला माहीत होतं.

लोक मला विचारतात, तळ्यात-मळ्यातवाल्यांमुळेच लोकशाही टिकते असं म्हणतात, ते खरं का? खरं आहे. सगळेच आप्पांसारखे असते तर भाऊसाहेबाला उन्हात उतरायची गरज पडली नसती आणि आमच्या ओढ्यावर आजही शेळ्याच बसल्या असत्या. हे मला समजतं. फक्त पटवून घेताना त्रास होतो. निष्ठेची किंमत निष्ठा सोडल्यावरच कळते, असा हिशेब मला कुणी कॉलेजात सांगितला नव्हता. मी ठरवलं की आता हे काम बंद. दुकान पुरे आहे.

तर झालं ते असं. सायखेड्याच्या बाहेर, आमच्या वस्तीच्या ओढ्यावर उंच पूल झाला. पहिल्याच पावसाळ्यात गोदावरी फुगली, ओढ्याचं पाणी मागे चढलं आणि पुलाखाली थांबलं. अश्विनी त्या वर्षी सातवीला होती. ती त्या पावसाळ्यात रोज, स्वतःच्या पायाने, शाळेत गेली.